माचासाठी घरात काय हवं, काय नको

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी रोज एक-दोन वाट्या माचा, म्हणजे जपानी हिरव्या चहाची बारीक पूड पाण्यात घुसळून होणारा चहा, करायचा आहे. ऑनलाइन सात-आठ वस्तूंचे संच मिळतात. त्यात बांबूचा ब्रश, बांबूचा चमचा, वाडगा, चाळणी, स्टँड, डबी असं सगळं असतं. यातलं खरंच काय लागतं? दूध फेसाळवायचं बॅटरीवरचं फ्रॉदर किंवा घरातली रवी चालणार नाही का? आणि सगळं आणूनही चहा कडू का लागतो, तळाशी गाळ का बसतो?

अवजारांकडे वळण्याआधी पूड कशी असते ते पाहू, कारण प्रत्येक अवजाराचं कारण त्या पुडीतच आहे. आपल्या नेहमीच्या चहात पानांचा अर्क पाण्यात उतरतो आणि चोथा गाळून टाकतो. माचात चोथा नसतोच, पानच पोटात जातं. चहाची झुडपं खुडणीआधी साधारण तीन-चार आठवडे सावलीत झाकून ठेवतात. पानं वाफवतात, पण सेंचासारखी (जपानचा नेहमीचा हिरवा चहा) वळत नाहीत, सपाटच वाळवतात. मग देठ आणि शिरा काढून टाकतात. जो मऊ भाग उरतो त्याला तेन्चा म्हणतात, आणि तेन्चा ग्रॅनाइटच्या जात्यावर दळला की माचा होतो. एक जातं तासाभरात जेमतेम ३० ते ४० ग्रॅम पूड देतं. जातं भरभर फिरवलं तर ते तापतं आणि वास मरतो, म्हणून गती मुद्दाम मंद ठेवलेली असते. निघालेल्या पुडीचे कण १० मायक्रॉनच्या आसपास असतात. औषधाची वस्त्रगाळ पूडसुद्धा हिच्यापुढे भरड वाटेल.

इतकी बारीक पूड दोन प्रकारे त्रास देते. हवेतल्या ओलाव्याने आणि स्थिर विजेने तिचे कण एकमेकांना धरून गुठळ्या करतात. शिवाय ती पाण्यात विरघळत नाही, फक्त काही वेळ तरंगते आणि मग खाली बसते. माचाची सगळी अवजारं या दोन गोष्टींवरचा उपाय आहेत: गुठळी मोडायची आणि प्यायला लागेल तेवढा वेळ कण पाण्यात पसरलेले ठेवायचे. जी वस्तू यातलं एकही काम करत नाही, ती छान दिसत असेल तर जरूर घ्या, पण तिच्यावाचून चहा अडणार नाही.

म्हणूनच पहिली खरेदी चाळणीची. संचातली सगळ्यात स्वस्त वस्तू हीच, आणि लोक नेमकी तीच वापरायची टाळतात. पिठलं करताना डाळीचं पीठ आधी थोड्या पाण्यात कालवून घेतलं नाही तर काय होतं, ते आपल्या प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. बाहेरून भिजलेली आणि आतून कोरडी राहिलेली गुठळी नंतर कितीही ढवळा, फुटत नाही. माचाचंही तसंच होतं, फक्त इथे गुठळी मोहरीएवढी असते आणि जिभेवर आल्यावरच कळते. जपानीत या चाळणीला फुरुइ म्हणतात, पण नावात काही अडत नाही. स्टीलची, मैदा चाळण्याइतक्या बारीक जाळीची, वाडग्याच्या तोंडावर टेकेल अशी छोटी गाळणी पुरते. चहाच्या नेहमीच्या गाळणीची जाळी बहुतेक वेळा मोठी असते, गुठळ्या तिच्यातून तशाच खाली जातात. प्लॅस्टिकच्या जाळीवर पूड चिकटून बसते, तीही नको. ही गाळणी माचापुरतीच वेगळी ठेवा आणि पूर्ण कोरडी असल्याशिवाय वापरू नका. पूड गाळणीत घालून छोट्या चमच्याच्या पाठीने हलकेच फिरवली की दहा सेकंदांत खाली येते.

आता मुख्य अवजार: चासेन, म्हणजे बांबूचा घुसळणा. त्याला ब्रश म्हटल्यामुळे बराच घोटाळा होतो. ब्रशला केस बाहेरून बसवलेले असतात. चासेन मात्र बांबूच्या एकाच तुकड्याचा असतो, त्यात जोड किंवा डिंक काही नसतं. जपानमध्ये बनणारे बहुसंख्य चासेन नारा प्रांतातल्या इकोमा शहराच्या ताकायामा या भागातून येतात. तिथे हे काम सुमारे पाचशे वर्षं चालत आलं आहे. ताकायामाच्या चासेनला १९७५ साली जपान सरकारने पारंपरिक हस्तकला म्हणून मान्यता दिली. बहुतेक चासेनना हाचिकू जातीचा बांबू लागतो. तो थंडीत तोडतात, गरम पाण्यात उकळून त्यातलं तेल काढतात, मग ऐन हिवाळ्यात शेतात शंकूसारखे उभे रचून उन्हात वाळवतात आणि पुढे काही वर्षं कोठारात मुरवतात.

बनवण्याची रीत माहीत असली की विकत घेताना नजर कुठे ठेवायची ते कळतं. गाठीच्या वरचा भाग सोलून आधी १६ भागांत चिरतात. ८० काड्यांचा चासेन करायचा असेल तर प्रत्येक भागाच्या पुन्हा १० बारीक काड्या करतात, एक रुंद, एक अरुंद अशा आलटून पालटून. एकूण १६० झाल्या. त्यातल्या ८० बाहेरच्या वर्तुळात आणि ८० आतल्या. म्हणजे खोक्यावरचा ८० हा आकडा बाहेरच्या काड्यांचा असतो. पुढची पायरी सगळ्यात नाजूक. काड्या गरम पाण्यात भिजवून आतल्या बाजूने तासतात, मुळाशी जाड आणि शेंड्याकडे जवळजवळ कागदासारख्या पातळ. या तासण्याला जपानीत आजिकेझुरी म्हणतात, शब्दशः ‘चवीची तासणी’. त्यामागे कारण आहे. काडी शेंड्याशी जाड राहिली तर ती पाण्याला नुसती ढकलते. पातळ असली तर कंप पावते आणि पाणी कापत जाते, फेस बारीक पडतो, चहा मऊ लागतो. त्यानंतर बाहेरच्या प्रत्येक काडीच्या कडा घासून बोथट करतात, म्हणजे चहा चिकटून राहत नाही. शेवटी दोऱ्याने विणून आतलं आणि बाहेरचं वर्तुळ वेगळं करतात. हे सगळं छोट्या सुरीने आणि बोटांनी होतं.

खरेदीच्या वेळी लोक पहिला प्रश्न विचारतात तो काड्यांच्या संख्येचा. तो प्रश्न महत्त्वाचा आहे, पण १०० म्हणजे ८० पेक्षा चांगला असा त्याचा अर्थ नाही. बांबूचा घेर तेवढाच राहतो, म्हणून काड्या वाढल्या की प्रत्येक काडी बारीक होते. ७० ते ८० काड्यांचा चासेन रोजच्या पातळ चहाला, म्हणजे उसुचाला, उत्तम. १०० किंवा १२० वाल्याने नवख्या हातालाही फेस लवकर मिळतो, पण तो लवकर मोडतो. घट्ट चहाला, कोइचाला, उलट हिशेब. तो घुसळायचा नसतो, मधासारखा होईपर्यंत मळायचा असतो, त्यामुळे तिथे कमी आणि जाड काड्यांचा चासेन लागतो. १०० काड्यांच्या चासेनने कोइचा करायला गेलात तर आठवडाभरात शेंडे गळतील. घरी बहुतेकांना उसुचाच करायचा असतो, तेव्हा ८० च्या आसपासचा घ्या आणि पुढचा विचार सोडा.

संचांत येणारे चासेन बहुधा चीनमध्ये बनलेले आणि जाड मोसो बांबूचे असतात. ते सरसकट वाईट म्हणणं अन्यायाचं होईल. शिकताना हात जड असतो, शेंडे मोडणारच आहेत, त्यासाठी ते ठीकच. फक्त निवडून घ्या. नव्या चासेनमध्ये आतल्या काड्या मध्यभागी एकवटून पीळ दिल्यासारख्या दिसल्या पाहिजेत, आणि बाहेरच्या काड्यांचे शेंडे सारख्याच प्रमाणात आत वळलेले हवेत. बोटाने एक काडी हलकेच बाहेर ओढून सोडा. ती लगेच जागेवर आली पाहिजे. शेंडे मुळाइतकेच जाड दिसत असतील, तर तासणी उरकून टाकलेली आहे. बांबू कागदासारखा पांढराफटक असेल किंवा त्याला औषधी वास असेल तर तो घेऊ नका. दोन-तीन महिने रोज माचा केल्यावर ही सवय टिकणार आहे असं वाटलं, तर पुढचा चासेन ताकायामाचा मागवा. किंमत काही पटींनी जास्त असते, पण पहिल्याच वाटीत फरक हाताला कळतो. माझ्या मते संपूर्ण यादीत पैसे खर्चावेत अशी हीच एक जागा आहे.

काळसर किंवा तपकिरी चासेनही दिसतात. जुन्या शेतघरांच्या छपरांत, चुलीच्या धुरात वर्षानुवर्षं राहिलेल्या बांबूचे जे बनतात त्यांना सुसुदाके म्हणतात. चहाच्या परंपरेत ओमोतेसेंके हे घराणं ते वापरतं, उरासेंके पांढरा बांबू वापरतं आणि मुशाकोजिसेंके काळा-जांभळा शिचिकू. घरच्या चहासाठी पांढरा बांबू पुरेसा आहे. फेसाबद्दल मात्र या घराण्यांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. उरासेंकेच्या वाटीत पृष्ठभाग बारीक फेसाने भरलेला असतो, तर ओमोतेसेंकेत फेस कमी ठेवतात आणि चंद्रकोरीएवढा भाग मोकळा सोडतात. दोन्ही बरोबर आहेत. व्हिडिओंत दाखवतात तसा दोन बोटं फेस आला नाही म्हणजे माचा फसला, असं मुळीच नाही. गुठळी नाही आणि गाळ नाही, तर चहा जमला.

आता रवीबद्दल. रवी लोण्यासाठी घडवलेली आहे. सायीतले स्निग्ध कण एकमेकांवर आपटून एकत्र यावेत, गोळा व्हावेत, हे तिचं काम. माचात नेमकं उलटं हवं: कणांनी एकमेकांना सोडावं. रवीच्या जाड पाकळ्या ७० मिली पाण्यात बुडतसुद्धा नाहीत, नुसत्या शिंतोडे उडवतात. अंडं फेटायचं तारेचं व्हिस्क थोडं बरं, पण त्याच्या तारा विरळ असतात आणि चिनीमातीच्या भांड्यावर करड्या रेघा सोडतात.

बॅटरीवरचं फ्रॉदर हा खरा पर्याय आहे, आणि तो वापरण्यात कमीपणा काही नाही. फ्रॉदरचे बुडबुडे मोठे असतात आणि लवकर विरतात, नुसत्या पाण्यातल्या चहात तो फरक तोंडाला जाणवतो. दुधातल्या माचात तो जाणवत नाही. तुम्ही मुख्यतः माचा लाते करणार असाल तर चासेन घेऊच नका, चाळणी आणि फ्रॉदर घ्या. उंच भांड्यात ३ ते ४ ग्रॅम चाळलेली पूड, ३० ते ४० मिली गरम पाणी, फ्रॉदरचं डोकं आधी तळाशी टेकवून मगच बटण दाबायचं (आधी दाबलंत तर हिरवे शिंतोडे भिंतीवर), १५ ते २० सेकंद, आणि मग वरून १५० मिली दूध. थंड माचासाठी तर याहून सोपं आहे. घट्ट झाकणाच्या बरणीत २ ग्रॅम चाळलेली पूड, १०० मिली थंड पाणी, दोन-तीन बर्फाचे खडे, आणि अर्धा मिनिट जोरात हलवणं. मे महिन्यातल्या दुपारी याच्यासारखं काही नाही. गरम पाणी मात्र बंद बरणीत कधीही हलवू नका. आत वाफेचा दाब वाढतो, झाकण उडतं आणि हात भाजतो. कॅफेंसाठी बनवलेले प्लॅस्टिकचे चासेनही मिळतात. ते धुवायला सोपे आणि टिकाऊ असतात, फेसही बरा येतो. बुरशीचा कायमचा त्रास असणाऱ्या घरात ते बरे.

वाडगा, म्हणजे चावान. इथे पैशापेक्षा मापं महत्त्वाची. चासेन साधारण ११ सेंमी उंच असतो आणि भिजल्यावर फुलतो. त्याला पुढे-मागे जायला जागा हवी. तोंडाचा व्यास ११ ते १३ सेंमी, उंची ७ ते ८ सेंमी, तळ आतून रुंद आणि गोलसर, कोपरे नाहीत. कॉफीच्या मगमध्ये काड्या भिंतीवर आपटतात, फेसही येत नाही आणि शेंडेही जातात. स्टीलचा वाडगा हातात धरवत नाही आणि चहा पटकन निवतो. आतला भाग खरखरीत, बिनझिलईचा असेल तर तो शेंड्यांवर कानशीसारखा चालतो. बाहेरून कितीही ओबडधोबड असू दे, आतून गुळगुळीत हवा. शोभेच्या भांड्यांच्या झिलईत शिसं असू शकतं, तेव्हा खाण्यापिण्यासाठी म्हणून विकलेलंच भांडं घ्या.

जपानी चहावाल्यांत एक जुना क्रम आहे: पहिलं राकु, दुसरं हागी, तिसरं कारात्सु. तिन्ही चहाच्या वाडग्यांच्या मातीकामाच्या परंपरा आहेत. राकु चाकावर न फिरवता हाताने घडवतात आणि कमी तापमानाला भाजतात, म्हणून ते मऊ आणि सच्छिद्र असतं, गरम चहा भरूनही हाताला चटका देत नाही. हागीच्या झिलईला सूक्ष्म तडे असतात. त्यांतून चहा झिरपत जातो आणि वर्षांनुवर्षं रंग बदलतो. लोक या बदलावर प्रेम करतात, पण अशी भांडी वापरण्याआधी पाण्यात भिजवावी लागतात आणि नंतर दिवसभर वाळवावी लागतात, नाहीतर वास येतो. पावसाळी हवेत हे जमवणं कठीण. मुंबई-पुण्यात आणि गोव्यात स्टुडिओ पॉटरी करणारे पुष्कळ कारागीर आहेत. त्यांच्याकडून उच्च तापमानाला भाजलेला स्टोनवेअरचा वाडगा वरच्या मापात करून घेणं हा सगळ्यात चांगला मार्ग. सांगताना एवढंच सांगा: आतून गुळगुळीत झिलई, तळाशी मध्यभागी हलकासा खळगा, म्हणजे शेवटचा घोट एका जागी जमतो, आणि खाली बोटं टेकतील एवढी बैठक. कडा फार पातळ नको. जपानमध्ये उन्हाळ्यात उथळ, पसरट वाडगा आणि कडाक्याच्या थंडीत उंच, अरुंद वाडगा वापरतात, कारण उथळात चहा लवकर निवतो. आपल्या हवेत एक मध्यम वाडगा बारा महिने चालतो.

बांबूचा चमचा, चाशाकु, दिसायला सुंदर आणि वापरायला सुखाचा. अत्यावश्यक मात्र नाही. त्याच्या शेंड्यावर शीग लावून साधारण १ ग्रॅम पूड बसते, पण पूड किती दाबली गेली आहे त्यावर हे बदलतं. मोजण्याचा ५ मिलीचा चमचा चाळलेल्या पुडीने सपाट भरला तर अंदाजे २ ग्रॅम होतात. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घरात असेल तर पहिले पंधरा दिवस तो वापरा. १ ग्रॅमच्या टप्प्याने मोजणारा स्वयंपाकघरातला काटा इथे कामाचा नाही. चाशाकु घेतलात तर तो पाण्याने धुवू नका. त्याचं वळण उष्णता देऊन आणलेलं असतं, ओलाव्याने ते हळूहळू सरळ होतं. कोरड्या फडक्याने पुसणं पुरे.

संचातली लाखेची डबी नात्सुमे. नात्सुमे हे आपल्या बोराच्या भाऊबंदातलं फळ. डबीचा आकार तसा, म्हणून तिला हे नाव. ती पाहुण्यांसमोर पूड मांडण्यासाठी आहे, साठवणीसाठी नाही. तिचं झाकण हवाबंद नसतं.

पाणी तापवण्यासाठी लोखंडी किटली नको, तापमान ठरवता येणारी इलेक्ट्रिक किटली असेल तर ७५ ते ८० अंशांवर ठेवा. ती नसेल तर पाणी उकळून एका थंड भांड्यात ओता, तिथून दुसऱ्या थंड भांड्यात. प्रत्येक ओतण्याला ढोबळमानाने १० अंश उतरतात. उकळतं पाणी थेट घातलं तर कडू-तुरट घटक लवकर आणि जास्त उतरतात, आणि सावलीत वाढवून पानात आणलेला गोडवा त्याखाली दबून जातो. पाण्याचा जडपणाही बघा. जपानचं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ आहे आणि हा चहा त्याच पाण्यावर घडलेला आहे. बोअरवेलच्या जड पाण्यात तो मंद आणि मातकट लागतो. फिल्टरचं मऊ पाणी वापरलंत तर तीच पूड वेगळी वाटेल.

आता कृती. चासेनचे शेंडे गरम पाण्यात बुडवून मिनिटभर ठेवा. कोरडा बांबू ठिसूळ असतो, भिजला की लवचिक होतो. हे वाडग्यातच केलं तर वाडगाही गरम होतो. चहाच्या विधीत या वेळी चासेन वर उचलून डोळ्यांसमोर फिरवतात. त्यात नुसता डौल नाही, एखादी काडी मोडून लटकते आहे का ते बघतात. तुम्हीही बघा, नाहीतर ती चहात जाईल. मग पाणी टाकून वाडगा कोरड्या सुती फडक्याने नीट पुसा. ओल राहिली तर पूड तिथेच चिकटून गुठळी होते आणि चाळण्याची मेहनत वाया जाते. २ ग्रॅम पूड चाळून घ्या. १०-१५ मिली पाणी घालून चासेनने हळूच कालवा, गुळगुळीत पेस्ट झाली की उरलेलं पाणी घाला, एकूण ६० ते ७० मिली. आता मनगट सैल ठेवून पुढे-मागे, इंग्रजी एम अक्षर काढल्यासारखं, भरभर १५ ते २० सेकंद. गोल फिरवू नका, पाणी नुसतं भोवऱ्यासारखं फिरतं आणि हवा आत जात नाही. शेंडे तळाला टेकवून दाबू नका, तळापासून कणभर वर ठेवा. फेस आला की चासेन वर आणून पृष्ठभागावर हळू फिरवा, मोठे बुडबुडे फुटतात. मग मधोमध सरळ वर उचला. लगेच प्या. दहा मिनिटं ठेवलात तर पूड तळाशी जाणारच, त्यात अवजाराचा दोष नाही.

फेसच येत नसेल तर आधी पाण्याचं माप बघा. १०० मिलीच्या वर गेलं की नवख्याला फेस जमत नाही. मग पुडीचं वय. फेस येतो पण साबणासारखा मोठा, तर हात मंद चालतो आहे किंवा शेवटचं हळू फिरवणं राहून जातं आहे. रंग शेवाळी-तपकिरी आणि वास गवताच्या गंजीसारखा असेल तर पूड जुनी आहे किंवा मुळातच भाजी-केकसाठीच्या प्रतीची आहे, तिथे कुठलंही अवजार मदत करू शकत नाही. पुडीच्या डब्यावर ‘सेरेमोनियल’ लिहिलेलं असतं त्यावर विसंबू नका. जपानमध्ये असा कुठलाही अधिकृत दर्जा नाही. कोणत्या भागाची (उजी, निशिओ, यामे, कागोशिमा), कधी दळलेली आणि उसुचासाठी की कोइचासाठी, हे जो सांगतो त्याच्याकडून घ्या. आणि घरच्या मिक्सरमध्ये हिरव्या चहाची पानं फिरवून माचा होत नाही. ती वळलेली, देठ-शिरांसकटची पानं असतात आणि पात्यांनी तापून भरड होतात.

पावसाळ्याच्या तीन-चार महिन्यांत दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात, पूड आणि चासेन. ३० किंवा ४० ग्रॅमचाच छोटा डबा घ्या आणि उघडल्यापासून महिन्याभरात संपवा. न उघडलेला डबा फ्रिजमध्ये ठेवा, पण बाहेर काढल्याबरोबर झाकण उघडू नका. थंड पुडीवर दमट हवा लागली की दव पडतं आणि अख्ख्या डब्याच्या गुठळ्या होतात. काही तास बाहेर ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. उघडलेल्या डब्याला हिंग-लसणाचा वास पटकन लागतो, म्हणून तो घट्ट झाकणाच्या दुसऱ्या डब्यात घालून ठेवावा.

चासेन वापरून झाल्यावर लगेच गरम पाण्यात दोन-तीनदा घुसळून घ्या. साबण नको, बांबू तो शोषतो आणि पुढच्या चहाला देतो. पाणी झटकून चिनीमातीच्या स्टँडवर, कुसेनाओशीवर, ओला असतानाच बसवा, म्हणजे काड्या फुललेल्या आकारातच वाळतात. या स्टँडला जपानी चहाच्या विधीत जागा नाही, तरी घरी मी चाळणीनंतर आणि चासेनबरोबरच तो घ्यायला सांगेन, कारण त्याने काड्या आत मिटून बसत नाहीत आणि मध्यभाग मोकळा राहतो. बुरशी सुरू होते ती तिथेच, आतल्या काड्यांच्या मुळाशी आणि दोऱ्याखाली. खालून किंवा बाजूने भोकं असलेला स्टँड बघून घ्या. चासेन ज्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळीत येतो ती पहिल्या दिवशीच टाकून द्या. ओला चासेन त्या नळीत घालणं म्हणजे बुरशीची लागवडच. ओट्यावर, सिंकशेजारी ठेवू नका. वारा येतो अशा जागी ठेवा, जुलैत तासभर पंख्याखाली. कडक उन्हात मात्र नको, बांबू तडकतो.

वापराने बाहेरच्या शेंड्यांची वळणं सुटून काड्या सरळ होतात, ते साहजिक आहे. एखाद-दुसरा शेंडा गेला तरी चालतं. पाच-सहा गेले, आतला पीळ पूर्ण विस्कटला किंवा पूर्वीइतकं घुसळूनही फेस पडेना, की नवा घ्या. रोज वापर असेल तर तीन-चार महिन्यांनी ही वेळ येते. मुळाशी काळे किंवा हिरवट ठिपके दिसले तर शेंडे कितीही धड असोत, तो त्याच दिवशी चहातून बाद करा. सच्छिद्र बांबूतली बुरशी धुऊन जात नाही. असा चासेन खिडक्यांच्या खाचांतली धूळ काढायला मात्र बरेच दिवस उपयोगी पडतो.